ओझे आणि तोल

२०२४ सालच्या जून महिन्यातील ही गोष्ट. रविवारची सकाळची मिस्सा संपली होती. पहिल्या कम्युनियनची तयारी करणारी बारा-चौदा मुले वर्गात येऊन बसली होती. मात्र त्यांना शिकवणारी मुलगी आली नव्हती. सलग तिसऱ्या रविवारी तिची खुर्ची रिकामी होती. गायकवृंदातही ती दिसली नव्हती. धर्मग्रामातील तरुण मुलामुलींत सर्वांत भरवशाची म्हणून जिचे नाव मी इतरांना सांगत असे, तिनेच असे वागावे याचे मला वाईट वाटले आणि, खरे सांगायचे तर, रागही आला. त्या दिवशी मुलांना मीच शिकवले. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन दोन शब्द सुनवावेत, असे ठरवून मी निघालो.

तिचे घर तळोज्यात. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तळोजे पाचनंद आणि तळोजे मजकूर ही पनवेल तालुक्यातील जुनी गावे. आज त्यांच्या एका अंगाला कारखान्यांची वसाहत आहे, तर दुसऱ्या अंगाला सिडकोने आखलेल्या नगरातील उंच इमारती. मुंबईत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे अशी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. आमच्या लोकांत वसईकडील आहेत, कोर्लई-अलिबागकडील आहेत आणि अहिल्यानगर जिल्ह्यातूनही पुष्कळ आलेले आहेत. हे कुटुंब श्रीरामपूरकडचे. वडील एका रासायनिक कारखान्यात पाळीने काम करतात, आई खारघरमध्ये दोन घरी स्वयंपाक करते. दोन खोल्यांत आईवडील, आजी, ही मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे राहतात.

दार आजीने उघडले आणि ओठांवर बोट ठेवले. वडिलांची रात्रपाळी होती, ते आतल्या खोलीत झोपले होते. घरातील सगळेच कुजबुजत बोलत होते. मुलगी स्वयंपाकाच्या ओट्यावर पुस्तक ठेवून, एका स्टुलावर बसून अभ्यास करीत होती. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई पातेल्यात डाळ शिजवत होती. मला पाहताच मुलगी उठून उभी राहिली.

“फादर, रविवारी सकाळी क्लासची चाचणी असते, नऊ ते बारा. तुम्हांला सांगायला हवं होतं. पण तुम्हांला काय वाटेल, म्हणून धीर झाला नाही.”

ओट्यावरच्या भिंतीला तिचे वेळापत्रक चिकटवलेले होते. ते मी वाचले. पहाटे पाचला उठणे, पाणी भरणे, सातला पाचनंद स्थानकावरून मेट्रो, दुपारपर्यंत कनिष्ठ महाविद्यालय व प्रात्यक्षिके, अडीच ते साडेसहा खारघरला क्लास, रात्री नऊ ते साडेअकरा पुन्हा अभ्यास. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या अकरावीचे पहिले काही महिने मात्र शेअर रिक्षा आणि बस यांच्या मागे धावण्यात गेले होते. पावसाळ्यात वही भिजू नये म्हणून ती दप्तर छातीशी धरून उभी असे, असे तिच्या आईने मला पुढे कधीतरी सांगितले.

मीही १९८८ साली बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालो होतो. तेव्हा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याचा प्रवेश बारावीच्या गुणपत्रिकेवर ठरत असे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय आजही तेच आहेत, परंतु आजचा विद्यार्थी ते दोनदा शिकतो. राज्य मंडळाची परीक्षा बालभारतीच्या पुस्तकांवर. तिथे प्रत्येक विषयाचा सत्तर गुणांचा लेखी पेपर, तीस गुणांचे प्रात्यक्षिक, आकृत्या, व्याख्या, सविस्तर उत्तरे. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय प्रवेशासाठीची ‘नीट’ परीक्षा निराळी. तिच्यासाठी एनसीईआरटीची पुस्तके प्रमाण मानली जातात आणि चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. एकूण गुण ७२०. त्यांपैकी निम्मे म्हणजे ३६० जीवशास्त्राला आणि प्रत्येकी १८० भौतिक व रसायनशास्त्राला. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एकीकडे विस्ताराने लिहिण्याची सवय लावायची, दुसरीकडे मिनिटभरात निर्णय घेण्याची. शिवाय ही मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिला पेशी माहीत होती, सेल नव्हता. संवेग माहीत होता, मोमेंटम नव्हता. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण सगळी पुस्तके आणि शिकवणी इंग्रजीत असल्यावर त्या सोयीचा तिला काय उपयोग? अकरावीचे निम्मे वर्ष तिने शब्दांचीच जोड लावण्यात घालवले होते. मुलीला लातूरला पाठवावे असे वडिलांच्या मनात होते. दहावी-बारावीच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर पोचवणाऱ्या त्या शहरात आज राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले शिकायला जातात. पण तिथला राहण्याचा खर्च झेपणारा नव्हता.

हे सारे मी ऐकले. आता सांगायला लाज वाटते, पण एवढे ऐकूनही मी तिला सल्लाच दिला.

“बाळ, वेळेचं नियोजन केलं की सगळं साधतं,” मी म्हणालो. “गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून सात वर्षं अभ्यास केला. पहाटे उठायचो, प्रार्थना, वर्ग, खेळ, गायन, सेवा, परीक्षा. काही सोडलं नाही. तू चारला उठून बघ. धर्मशिक्षणाचा वर्ग सोडू नकोस.”

तिने मान हलवली. पुढच्या रविवारी ती वर्गावर हजर होती. क्लासवाल्यांना विनंती करून तिने चाचणी दुपारच्या तुकडीबरोबर द्यायची व्यवस्था केली होती. मी प्रसन्न झालो. इतकेच नव्हे, तर एका प्रवचनात नाव न घेता तिचे उदाहरणही दिले. कोणाविषयी बोलतो आहे हे सर्वांना कळले होते आणि ते कळावे अशी माझीही इच्छा होती.

त्या वर्षी मुलांच्या मनावर आणखी एक सावट होते. ५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’च्या पेपरफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. परीक्षा रद्द होणार की नाही, याची चर्चा रोज वर्तमानपत्रांत चाले. २३ जुलैला न्यायालयाने संपूर्ण परीक्षा पुन्हा घेण्यास नकार दिला. आपण रात्रंदिवस झिजायचे आणि प्रश्नपत्रिकाच कोणी विकत घ्यायची, ही शंका पुढल्या वर्षीच्या मुलांच्या मनात शिरली ती शिरलीच.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी तिची आई धर्मगुरुनिवासात आली. बसायला सांगितले तरी बसेना.

“फादर, एक सांगू का? रागावू नका. पोरगी दोन महिने चार तासांच्या वर झोपली नाही. परवा प्रात्यक्षिकाच्या वेळी चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, विश्रांती हवी. फिजिक्सच्या चाचणीत नापास झाली. मी म्हटलं, रविवारचा वर्ग सोड. तर म्हणते, फादरांना शब्द दिलाय.” एवढे बोलून ती थांबली आणि हळूच म्हणाली, “तुमचा शब्द तिला मोडवत नाही, फादर. तुम्हीच तो परत घ्या.”

ती गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. सेमिनरीतील ज्या दिवसांचा मी मोठ्या अभिमानाने दाखला दिला होता, ते दिवस डोळ्यांपुढे आले. पहाटे उठायचो, हे खरे. पण उठवणारी घंटा दुसरे कोणीतरी वाजवत असे. न्याहारी तयार असे. आमचे कपडे, पाणी, दिवे, पुस्तके यांची काळजी कोणी ना कोणी वाहत होते. गावी माझे वडील शेतात राबत होते आणि पत्रातून कधीही पैशांची अडचण कळवत नव्हते. मी ज्याला माझी शिस्त म्हणत होतो, तिच्यात निम्मे श्रम इतरांचे होते. त्या मुलीला मी माझे वेळापत्रक दिले. ते पेलून धरणारे हात मात्र दिले नाहीत.

निर्गमाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करीत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि सांगतो की, हे तू बरे करीत नाहीस. अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मग तो कामे वाटून द्यायला सुचवतो. या उताऱ्यावर मी किती वेळा प्रवचन केले असेल! प्रत्येक वेळी तो मला धर्मग्रामाच्या कारभाराविषयी वाटला. एका सतरा वर्षांच्या मुलीविषयी तो काही सांगत असेल, हे मनातही आले नव्हते.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा तळोज्याला गेलो. माझा शब्द परत घेतला. मे महिन्यापर्यंत वर्ग नाही, गायन नाही, फक्त रविवारची मिस्सा आणि नंतर अर्धा दिवस विश्रांती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते सुटकेचे होते की अपराधीपणाचे, मला कळले नाही. मग, तिचा भार आणखी हलका करावा या भाबड्या हेतूने, मी आणखी एक चूक करू पाहत होतो. “एवढा जीव काढणारं शिक्षण हवंच का, बाळ? विज्ञानातच दुसरंही पुष्कळ काही आहे,” मी म्हणालो.

ती पहिल्यांदाच मला उलट बोलली. “फादर, मला दातांचीच डॉक्टर व्हायचंय. सगळ्यांना वाटतं, एमबीबीएस मिळालं नाही तर बीडीएस. माझं तसं नाही.”

आणि तिने आजोबांची हकीकत सांगितली. ते साखर कारखान्यात कामाला होते. तरुणपणापासून तंबाखू-चुना. गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता, पण तो दुखत नव्हता, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. पुढे तोंड उघडेनासे झाले, घास जाईना. गावठी औषधे झाली. मुंबईला आणले तेव्हा रोग मानेपर्यंत पोचला होता. ती तेव्हा चौथीत होती. आजोबांना भाकरी दुधात कुस्करून भरवण्याचे काम तिच्याकडे होते.

“आता तर खारघरला टाटांचं एवढं मोठं कॅन्सर केंद्र आहे, आपल्या शेजारीच,” ती म्हणाली. “पण तिथं जायच्या आधी कुणीतरी तोंड उघडून आत बघायला हवं ना, फादर? ते काम दातांच्या डॉक्टरचंच.”

कोपऱ्यात आजी बसली होती. तिने हातातली मिश्रीची डबी पदराखाली सरकवली.

तिचे म्हणणे किती खरे होते, हे मी नंतर विचारपूस करून जाणून घेतले. जगातील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत भारतीयांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू व सुपारी. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही कारखान्यांच्या फाटकांबाहेर पुड्यांची रिकामी वेष्टने पायाखाली येतात. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडणारे तोंड ही लक्षणे आधी दिसतात, आणि दात दाखवायला आलेल्या माणसाच्या तोंडात ती दंतवैद्याला सहज दिसू शकतात. ज्या शिक्षणाला आपण दुसऱ्या क्रमांकाचे समजतो, त्यावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात.

एवढे कळल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते. धर्मशिक्षणाचा वर्ग मी स्वतःकडे घेतला. सभागृहाशेजारच्या सामानाच्या खोलीतील मोडक्या खुर्च्या काढून तिथे दोन टेबले आणि दोन ट्यूबलाइट बसवल्या. पहाटे पाच ते रात्री अकरापर्यंत ती खोली अभ्यासासाठी खुली झाली. एका मुलीसाठी उघडलेल्या त्या खोलीत महिन्याभरात नऊ मुले येऊ लागली. इतक्या घरांतून असे ओट्यावर अभ्यास करणारे कोणी असेल, हे मला वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते. पाणी भरण्याचे काम धाकट्या भावाने घेतले. रात्री तिला घरी पोचवण्याचे काम वडिलांनी, आणि त्यांची रात्रपाळी असेल तेव्हा शेजारच्या इमारतीतील एका कुटुंबाने घेतले.

आमच्या धर्मग्रामात भौतिकशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक आहेत. ते आठवड्यातून तीन संध्याकाळी येऊ लागले. त्यांनी तिला प्रथम काही शिकवले नाही. तिची वेळापत्रके तेवढी पाहिली. मग म्हणाले, “तू तिन्ही विषयांना सारखा वेळ देतेस. तराजूत सारखं वजन टाकलं म्हणजे तोल साधतो असं नाही. माप काय आहे ते आधी बघ.” निम्मे गुण जीवशास्त्राला, म्हणून सकाळचे ताजे दोन तास त्याला. भौतिकाची भीती होती, म्हणून रोज फक्त पंधरा गणिते, पण रोज. रसायनाचे तीन भाग तीन रीतींनी: गणिताचा भाग सोडवून, सेंद्रिय अभिक्रिया लिहून, असेंद्रिय भाग वाचून. प्रश्न येत नसेल तर पुढे जायचे. एक गुण वजा होण्यापेक्षा तो सोडून देणे शहाणपणाचे. जानेवारी-फेब्रुवारीत केवळ मंडळाच्या परीक्षेची तयारी करायची, सविस्तर उत्तरे लिहायची. प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांना तेवढे दिवस हात लावायचा नाही. आणि रोज सात तास झोप. ही शेवटची अट पाळणे तिला सर्वांत जड गेले. जागणारा मुलगा तेवढा अभ्यासू, असे आपणच मुलांच्या मनात भरवलेले असते.

जानेवारीच्या अखेरीस आणखी एक बातमी आली. करोनाच्या काळापासून ‘नीट’मध्ये दिलेले ऐच्छिक प्रश्न आणि वाढीव वेळ रद्द झाला, आता १८० प्रश्न आणि १८० मिनिटे. अभ्यासिकेतील मुले घाबरली. सरांनी त्याच संध्याकाळी भिंतीवरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि नव्या मापाने सराव सुरू केला.

९ फेब्रुवारी २०२५ हा रविवार होता. दोन दिवसांवर बारावीची परीक्षा. त्याच तारखेला संत अपोलोनियाचा सण येतो. इसवी सन २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात या वृद्ध स्त्रीचे दात पाडून छळ करण्यात आला आणि तिने हौतात्म्य पत्करले. दातांच्या रुग्णांची आणि दंतवैद्यांची ती आश्रयदात्री संत. मिस्सेनंतर मी परीक्षेला बसणाऱ्या सर्व मुलांना आशीर्वाद दिला आणि हिला ती कथा सांगितली. ती म्हणाली, “फादर, मी दात काढायला कमी आणि वाचवायला जास्त शिकेन.” कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना पाहिले.

४ मे २०२५ रोजी ‘नीट’ झाली. भौतिकशास्त्राचे प्रश्न त्या वर्षी फार कठीण होते, अशी देशभर तक्रार होती. तीही उतरलेल्या चेहऱ्याने परतली. १४ जूनला निकाल लागला. एमबीबीएसला पुरतील इतके गुण नव्हते. सांत्वनाला लोक घरी आले. “पुढच्या वर्षी पुन्हा बसव,” असे वडिलांना सांगू लागले. ती मात्र शांत होती. प्रवेशाच्या अर्जात तिने दंतवैद्यकाची महाविद्यालयेच भरली आणि त्यांतील एकात तिला प्रवेश मिळाला. बँकेचे शैक्षणिक कर्ज काढावे लागले. पाच वर्षांचा अभ्यासक्रम: चार वर्षे शिक्षण, एक वर्ष आंतरवासिता. कर्जाचा भार त्यानंतरही राहील. हे सगळे गोड झाले, असे मी म्हणणार नाही.

२०२५ च्या नाताळात ती भेटायला आली. पहिल्या वर्षाचा बोजा ऐकून मी थक्क झालो. संपूर्ण मानवी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, शिवाय दातांची रचना आणि त्यांचे ऊतिशास्त्र. वीस दुधाचे, बत्तीस कायमचे. प्रत्येकाचे रूप, उंचवटे, खोबणी पाठ करायच्या आणि मेणाच्या ठोकळ्यातून ते दात हाताने कोरायचे. तिने पिशवीतून स्वतः कोरलेला एक सुळा काढून दाखवला. “हा सातवा, फादर. आधीचे सहा मोडले. जोर जास्त दिला की मेण तुटतं.”

“आणि झोप?” मी विचारले.

“सहा तास. परीक्षेच्या आधीसुद्धा. मैत्रिणींबरोबर अभ्यास वाटून घेते. एकीनं एक प्रकरण समजावून सांगायचं, दुसरीनं दुसरं.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “आजीनं काल स्वतःहून तोंड उघडलं. टॉर्च लावून पाहिलं. मला अजून फारसं कळत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात तिला कॉलेजच्या ओपीडीत नेणार आहे. मिश्री सुटली नाही अजून; दोनदाची एकदा झालीय.”

पालकहो, आपल्या घरांतून दरवर्षी अशी मुले परीक्षेला बसतात. आपण त्यांच्यासाठी फी भरतो, नवस बोलतो, मेणबत्त्या लावतो आणि दिवसातून चार वेळा विचारतो, “अभ्यास किती झाला?” मीही तेच करीत होतो, फक्त प्रवचनाच्या भाषेत. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी मुलाजवळ बसून विचारावे, “तुझ्या कामांतलं कोणतं काम मी घेऊ?” उत्तर कदाचित पाण्याच्या बादलीएवढे लहान असेल. ती बादली उचलावी.

धर्मशिक्षणाचा तो वर्ग अजून माझ्याकडेच आहे. अभ्यासिकेत या वर्षी चौदा मुले येतात, आणि पहाटे पाचला खोलीचे कुलूप मी स्वतः उघडतो. सेमिनरीतील घंटा कोण वाजवत असे, त्या माणसाचे नाव मला आजही आठवत नाही. त्याचे मला वाईट वाटते.